रबर एका सकाळीत फुगत नाही

आम्ही मूळचे दक्षिणेतले, असं आमच्यात सगळेच म्हणतात, पण दक्षिणेत नेमके कुठले ते विचाराल तर मला सांगता यायचं नाही, कोणी म्हणतं साताऱ्याकडचे, कोणी म्हणतं नाही, नगरच्या बाजूचे. आजोबांचे आजोबा का कोण ते फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले आणि इथेच राहिले, एवढं पक्कं. माझा जन्म दाना ओलीतला. दोन खोल्या, खाली धान्याचं दुकान, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की हिंदी, त्यामुळे ताई, माझं बोलणं तुम्हाला जरा खिचडी वाटेल, लिहिताना सुधारायचं तर सुधारा, नाहीतर राहू द्या असंच. मी काही फार शिकलेला माणूस नाही. आठवीपर्यंत गेलो. इंग्रजी अक्षरं जुळवून वाचता यायची, अर्थ लागायचाच असं नाही.

वडील रियासतीच्या रिसाल्यात सवार होते. सगळा जन्म घोड्यांत गेला त्यांचा, आणि मी सोळा वर्षांचा झालो तेव्हा मला म्हणाले की तू घोड्याचं काही शिकू नकोस, तू मोटरचं शीक. मला इतकं नवल वाटलं, कारण त्यांच्या तोंडून मोटरला कधी चांगला शब्द आला नव्हता. मग त्यांनीच मला आबासाहेबांच्या मोटरखान्यात नेऊन सोडलं. आबासाहेब म्हणजे मोठे सरदार, जहागीर होती त्यांची, घरी सात मोटारी आणि त्या सातांवर एक मिस्त्री, करीम उस्ताद.

उस्तादांचं काय सांगू तुम्हाला. उंच माणूस, मेंदी लावलेली दाढी, एका बोटाचं टोक पंख्यात गेलेलं. बॉनेटवर तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे की तिसरा प्लग गेला. आणि तिसराच गेलेला असायचा. लिहिता वाचता बिलकुल येत नव्हतं. मला यशवंत कधी म्हणाले नाहीत, जसवंत म्हणायचे, म्हणायचे, जसवंत, गाड़ी को सुन, अपनी मत सुना. माझ्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही, आणि त्या काळी मिस्त्री म्हटला की पाना फेकूनच शिकवायचा, पण हे नाही. सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो, त्यातली शेवटची दोन तर बरोबरीने काम करत होतो.

आबासाहेबांचे चिरंजीव भैय्यासाहेब. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. त्यांची एक गाडी होती, हिरवी, विलायती, दोनच सीट, जमिनीला टेकलेली, लांब नाक, बॉनेट चामड्याच्या पट्ट्याने बांधलेलं. शर्यतीसाठीच बनवलेली गाडी ती. पळायची अशी की मोरारच्या सडकेवर लोक आवाज ऐकूनच बाजूला व्हायचे. पण पळवणारी गाडी आणि थांबवणारे ब्रेक यांचा मेळ नव्हता. ब्रेक तारेचे. पेडल दाबलं की चार तारा चार चाकांना ओढणार, आणि चारही तारा सारख्या ओढतील असा दिवस मी काही पाहिला नाही. आज कसून दिल्या की परवा एक ढिली, आणि एक ढिली झाली की गाडी डावीकडे धावणार.

त्यातच मध्यभारत झालं. मतलब, आपली रियासत गेली. लोक म्हणतात हळूहळू गेली, पण मला तसं वाटलं नाही. मला वाटलं की रात्री निजलो ते एका राज्यात आणि उठलो ते दुसऱ्या. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, शिपायांचे पट्टे बदलले, वडिलांचा रिसाला मोडला. आबासाहेबांकडच्या सातातल्या पाच मोटारी गेल्या. उरल्या दोन, एक घरची आणि एक ती हिरवी, आणि माणसं उरलो मी आणि उस्ताद. त्या वेळी नव्या सरकारच्या मोटरखान्यात मिस्त्री घेणार होते, रियासतीतली, जहागिरीतली माणसं घेऊन टाकायची असं चाललं होतं, तर आबासाहेबांनी स्वतः चिठ्ठी लिहून आम्हां दोघांची नावं पाठवली. करीम उस्तादांचं वर, माझं खाली.

मध्यभारताच्या दुसऱ्या वर्षी इंदरगंजच्या चौकात ते झालं. भैय्यासाहेब चालवत होते, मी शेजारी. समोरून टांगा आला, भैय्यासाहेबांनी ब्रेक दाबला, गाडी डावीकडे ओढली गेली आणि घोड्याच्या पुढच्या पायांत घुसली. टांगेवाला वाचला. घोड्याचे दोन्ही पाय मोडले, त्याला तिथेच गोळी घालावी लागली, आणि मी सवाराचा मुलगा, मला ते बघवेना. पण मला खरा धक्का बसला तो नंतर. एक शिपाई आला, साधा, काडीसारखा, त्याने खिशातून वही काढली आणि भैय्यासाहेबांना विचारलं, नाम. बस, एवढंच. चौकात शंभर माणसं उभी होती. त्या घराण्याच्या माणसाला ग्वाल्हेरमध्ये कोणी नाव विचारलेलं कोणी ऐकलं नव्हतं. भैय्यासाहेबांनी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि शिपायाने ते सगळं लिहून घेतलं.

टांगेवाल्याला त्यांनी आपल्या पागेतला घोडा दिला, शिपायाने सांगितलं म्हणून नाही, आपल्या मनाने. पण हुकूम आला की ही गाडी मोटर इन्स्पेक्टर पास करेपर्यंत सडकेवर आणायची नाही. तेव्हा भैय्यासाहेब म्हणाले की तारेचे ब्रेक काढून फेका, तेलाचे बसवा. तेलाचे म्हणजे, पेडल दाबलं की नळीतलं तेल चारही चाकांना सारखा दाब देणार, ओढाताण नाही. ज्या कंपनीची गाडी तिचे तसे ब्रेक नव्हतेच, दुसऱ्याच कोणी बनवून विकत होतं, तर मुंबईच्या एका दुकानाला लिहून ते सगळं सामान मागवलं.

उस्तादांना ते पसंत नव्हतं. लोहे को लोहा रोके, पानी-तेल क्या रोकेगा, असं म्हणाले. मला मात्र खूप हौस. मी म्हणालो उस्ताद, मला करू द्या, कागद इंग्रजीत आहे, मला वाचता येतो. ते म्हणाले, कर.

पेटी आली. भुशात बांधलेलं सामान, चकचकीत, बघून माझा जीव हरखला. आणि मग पुढचे पाच आठवडे त्या सामानाने माझे जे हाल केले ना ताई, तसे आयुष्यात कोणी केले नाहीत. पहिल्याच दिवशी चाकामागची प्लेट लावायला घेतली तर भोकं जुळेनात. चार भोकं, त्यातली तीन बसायची आणि चौथं गव्हाच्या दाण्याएवढं बाजूला. मला वाटलं प्लेट उलटी धरली. सुलटी केली. मग वाटलं उजवीची डावीला लावतोय. बदलून बघितली. चारही चाकांना तीच गत. शेवटी कानशीने भोकं लांबवली, एकेका भोकाला अर्धा दिवस, हाताची साल निघाली. प्लेटी बसल्या तर वर ड्रम चढेना. नवे ब्रेक-शू जाड, ड्रम लहान. खरादवाल्याकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, ड्रम नेले, तो म्हणाला आणखी कापला तर पातळ होईल, फुटेल, तर परत आणले आणि शूवरचं लायनिंगच घासत बसलो, थोडं घासायचं, ड्रम चढवून बघायचा, अडकला, उतरवायचा, परत घासायचं. ती भुकटी नाकातोंडात जायची, घरी आई म्हणायची की तुझा घाम पण काळा येतो.

मग नळ्या. हे तर मला अजून आठवलं की डोकं फिरतं. पेडलजवळ मास्टर सिलिंडर असतो, तेलाला दाब तिथून मिळतो, त्यात नळीचा नट फिरवला, दोन फेरे छान गेला आणि अडकला. मला वाटलं कचरा असेल. पुसून परत. दोन फेरे, अडकला. तिसऱ्यांदा मी पाना लावून जोर केला आणि आतले आटे खलास. आमच्याकडे आट्यांना चुडी म्हणतात. उस्ताद आले, दोन्ही तुकडे हातात घेतले, नखाने चुडी मोजली आणि म्हणाले, ये अलग मुल्क की चूड़ी है. झालं होतं असं की गाडी एका देशाची आणि सामान दुसऱ्या देशाचं, दोन्हीकडचे आटे वेगळे, दिसायला सारखे. इतकं चांगलं लोखंड, इतक्या लांबून आलेलं, आणि कोणी एवढं बघू नये. खरादवाल्याकडून मधले जोड बनवून घेतले, नऊ जोड, त्यातले चार गळायचे. मागच्या चाकाची नळी तर वीतभर कमीच पडली. तांब्याची नळी शोधत मी सगळं लष्कर, म्हणजे आमच्या शहराचा बाजारपेठेचा भाग, पालथं घातलं. आणि सगळं बसलं, तेल भरलं, पेडल दाबलं तर पेडल लोण्यासारखं खाली. नळीत हवा राहिलेली. हवा काढायची म्हणजे एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा पेच उघडायचा, तेल आणि बुडबुडे येतात, पेच बंद करायचा, परत. आम्ही दोन दिवस तेच करत होतो. आणि त्यात पेटीबरोबर आलेला तेलाचा डबा संपला.

आता हे नीट ऐका. डबा मुळात अर्धाच आला होता, वाटेत गळलेला. इन्स्पेक्टरची तारीख चार दिवसांवर. मुंबईला लिहिलं तर नवा डबा यायला तीन आठवडे. बरोबरच्या कागदावर शेवटी मोठ्या अक्षरांत एक ओळ होती, तिच्यातला तेलाचा शब्द मला कळला, नाहीचा शब्द कळला, मधलं काही कळलं नाही. भैय्यासाहेबांना दाखवला असता तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं. मी दाखवला नाही. मीच म्हणालो होतो ना की मला वाचता येतो. शुक्रवार होता, उस्ताद नमाजला गेले होते, आणि मी इंजिनात घालतात ते तेल, नवं, स्वच्छ, ब्रेकच्या तेलाच्या टाकीत ओतलं. दोन्ही तेलं एकमेकांत मिसळेनात. वर तवंग राहिला. मी तो बघितला आणि झाकण लावलं.

इन्स्पेक्टर इंदूरकडचा होता, मराठी माणूस, बारीक, पांढरे कपडे, हातात छत्री. मला वाटलं हा बाहेरून बघेल आणि सही करेल. तर त्याने छत्री ठेवली आणि त्या पांढऱ्या कपड्यांत जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली शिरला. सरकारी अंमलदार धुळीत झोपलेला मी पहिल्यांदा बघितला. बाहेर आला आणि म्हणाला, काम चांगलं केलंय, तेल कोणतं घातलं. मी म्हणालो, पेटीतलं. अर्धं खरं होतं ते. मग माझ्या शेजारी बसला, मोरारच्या सडकेवर मला गाडी जोरात न्यायला लावली आणि म्हणाला, थांबव. ताई, गाडी अशी थांबली, सरळ, जशी भिंतीला टेकवून ठेवली. तो हसला. मला रडू येत होतं. भैय्यासाहेबांनी मला मिठी मारली, सरदाराच्या मुलाने, मिस्त्रीला, सगळ्यांसमोर.

चार दिवस बरे गेले. मग भैय्यासाहेब म्हणाले की किल्ल्यावर जाऊन येतो, उरवाईच्या उतारावर बघू ब्रेक कसे आहेत. उस्ताद म्हणाले मी बरोबर येतो. मी मोटरखान्यात थांबलो, दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर उघडलेला होता. तासाभराने एक टांगेवाला आला, दारातूनच म्हणाला, तुम्हारी हरी गाड़ी उरवाई के ढाल पर पड़ी है, छोटे सरकार का पाँव गया. मी त्याला विचारलं, कुठे गया. असा मूर्खासारखा प्रश्न विचारला मी. मला शब्द कळत होते आणि अर्थ कळत नव्हता.

झालं असं. वर जाईपर्यंत सगळं ठीक. उतरायला लागले तर पहिल्याच वळणावर जळका वास, चाकांतून धूर. पेडल सोडलं तरी ब्रेक सुटेनात, चाकांना धरूनच बसले, तापून लाल. उस्ताद म्हणाले थांबवा, थंड होऊ द्या. थांबवायला म्हणून भैय्यासाहेबांनी पेडल दाबलं आणि ते तळाला गेलं. हातब्रेकने त्या तापलेल्या ड्रमवर काही होईना. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल. भैय्यासाहेबांनी गाडी कातळाला घातली, आपल्या बाजूने. उस्ताद पुढे कित्येकदा सांगायचे, जरा आधी वळण होतं, तिथे दुसऱ्या बाजूने लावता आली असती, पण त्या बाजूला उस्ताद बसले होते. उस्तादांना खरचटलं पण नाही. भैय्यासाहेबांचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

दोन दिवसांनी इन्स्पेक्टर आला. मोडलेली गाडी आणून ठेवली होती. त्याने टाकीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, वास घेतला, आणि मास्टर सिलिंडर उघडून आतली रबरी वाटी बाहेर काढली. ती फुगली होती, भिजलेल्या हरभऱ्यासारखी, बोटांत दाबली की तुकडा निघायचा. तो म्हणाला, यात इंजिनाचं तेल कोणी घातलं. मी बोलणार होतो. देवाशपथ सांगतो, माझं तोंड उघडलेलं होतं. आणि माझ्या मागून उस्ताद म्हणाले, मैंने डाला साहब.

मी वळून बघितलं तर ते माझ्याकडे बघतच नव्हते, जमिनीकडे बघत होते. इन्स्पेक्टरने लिहून घेतलं. उस्तादांनी अंगठा लावला. मला वाटलं आता बोलू, मग वाटलं भैय्यासाहेब बरे झाले की बोलू, मग वाटलं आता बोललो तर उस्ताद खोटे ठरतील. माणूस स्वतःला काय काय सांगतो. महिन्याने सरकारी मोटरखान्यातून कागद आला. त्यावर एकच नाव होतं, माझं. वरचं नाव काटलेलं होतं.

मी नोकरीत लागलो. उस्ताद इंदरगंजच्या मागे एका टपरीत स्टोव्ह आणि सायकली दुरुस्त करायला लागले. आणि मी त्या रस्त्याने जायचं सोडलं. सहा वर्षं. घरून मोटरखान्याचा सरळ रस्ता तोच, मी रोज लांबून वळसा घालून जायचो. लग्न झालं, मुलगा झाला, त्यांना बोलावलं नाही. ज्या माणसाने माझ्यासाठी खोटं बोलून आपली भाकरी घालवली त्याच्यासमोर कोणतं तोंड घेऊन जाऊ, असं वाटायचं. मोटरखान्यात नव्या गाड्या आल्या, तेलाच्या ब्रेकच्या, तिथल्या फोरमनने शिकवलं की इंजिनाच्या तेलाने हे रबर फुगतं, चार-सहा दिवस लागतात, आधी ब्रेक सुटत नाहीत, मग लागत नाहीत. सगळे ऐकत होते, मला मात्र तिथे उभं राहवेना.

मग ते दुसरं झालं. मध्यभारत पण गेलं, मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. कचेऱ्याच्या कचेऱ्या उठायला लागल्या, आणि माझ्या हातात कागद पडला की भोपाळला हजर व्हा. घरी येऊन नर्मदेला सांगितलं, नर्मदा म्हणजे माझी बायको, आणि काय झालं मला कोण जाणे, बदलीचं सांगता सांगता ते तेलाचं पण सांगून टाकलं. सहा वर्षांत तिला बोललो नव्हतो. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मला वाटलं ऐकलं नाही. मग म्हणाली, भोपाळला मी येईन, पण हे घेऊन नाही येणार. उद्या जाऊन या त्यांच्याकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. उस्ताद टपरीत बसले होते, दाढी पूर्ण पांढरी, मेंदी सोडलेली. मला ओळखलं, म्हणाले, जसवंत, बैठ. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच म्हणालो की उस्ताद, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, तेल मी घातलं होतं, आणि सहा वर्षं मी तोंड लपवून आहे. ते म्हणाले, झूठ कैसा. तेल तो मैंने ही डाला था.

मी म्हणालो काय. ते म्हणाले, उसी सुबह. किल्ल्यावर जायच्या आधी त्यांनी झाकण उघडून बघितलं, जोड गळत होते म्हणून तेल कमी झालं होतं, त्यांनी बोट बुडवून वास घेतला, इंजिनाच्या तेलाचा वास आला, तर समजले की यात हेच पडतं, आणि तेच वर ओतलं. मला विचारलं पण नाही, म्हणे तू कामात होतास.

ताई, तेव्हा मी खाली बसलो. सहा वर्षं मी समजत होतो की हा माणूस मला वाचवतोय. आणि त्यांच्या मनात मी कुठे नव्हतोच. ते खरं बोलले होते. त्यांना खरंच वाटत होतं की भैय्यासाहेबांचा पाय आपण घालवला, आणि जो वास घेऊन त्यांनी ते तेल ओतलं तो वास माझा होता, मी ठेवलेला. मी त्यांना सांगितलं, उस्ताद, तुमच्या तेलाने नाही झालं ते. रबर एका सकाळीत फुगत नाही. त्याला आठ दिवस लागले, ते आठ दिवस माझे होते. हे मी हिंदीत सांगितलं, मग परत सांगितलं. हातातला स्टोव्हचा बर्नर त्यांनी खाली ठेवला, उचलला, परत ठेवला. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, तेल तो ग़लत पड़ जाता है किसी से भी. तू आया क्यों नहीं. छह साल मैं हर जुमे को अकेला जाता रहा उनके पास.

मला तेव्हा कळलं की दर शुक्रवारी नमाज झाली की ते भैय्यासाहेबांकडे जायचे. लाकडी पायाचा पट्टा नीट करून द्यायचे, बकल बदलायचे, थोडं बसायचे आणि यायचे. माफी मागून झाली होती, भैय्यासाहेबांनी दिली पण होती, तरी जायचे. उस्तादांनी टपरीवर पडदा ओढला आणि म्हणाले, चल.

आबासाहेब तोवर वारले होते. घराच्या पुढच्या अर्ध्यात सरकारी कचेरी होती, ती पण भोपाळला चालली होती, हमाल कपाटं काढून ट्रकवर चढवत होते, अंगणभर फायली. भैय्यासाहेब मागच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मी पाया पडलो आणि सगळं सांगितलं, कागद न दाखवल्याचं, तवंगाचं, इन्स्पेक्टरला पेटीतलं म्हणालो त्याचं, सगळं. समोर हमालांचा आवाज चालला होता.

मग ते काठीवर उठले. मला वाटलं माझ्याकडे येतात. तर ते उस्तादांजवळ गेले, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, उस्ताद, आपको मैंने माफ़ किया था, और आपका क़सूर था ही नहीं, माफ़ी तो मुझे माँगनी है. उस्ताद रडायला लागले. मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आणि मग माझ्याकडे वळून भैय्यासाहेब मराठीत म्हणाले, यशवंता, एकदा माफ करायला मला दोन वर्षं लागली. आता तू म्हणतोस ते चुकीच्या माणसाला केलं. परत तेवढी ताकद माझ्यात नाही. तू जा भोपाळला.

रागावून नाही म्हणाले. शांतपणे म्हणाले, म्हणून मला जास्त लागलं.

मी भोपाळला गेलो आणि पहिलं काम काय केलं तर अर्ज लिहवून घेतला, की करीम उस्तादांच्या नावावरचा ठपका काढावा, चूक माझी होती, मला काय शिक्षा द्यायची ती द्या. या टेबलावरून त्या टेबलावर मी वर्षभर फिरलो. शेवटी एक बाबू म्हणाला की ती फाइल मध्यभारताची, येताना कुठे राहिली कोणाला माहीत नाही, आणि फाइल नाही तर ठपका नाही, ठपका नाही तर काढायचा काय. एका माणसाची नोकरी ज्या कागदाने गेली तो कागदच नाही, आणि ज्या सरकारचा कागद ते सरकारच नाही. शिक्षा पण कोणी दिली नाही. सत्तावीस वर्षं भोपाळला काम केलं, कित्येक मिस्त्री शिकवले, आणि एकेकाला सांगितलं की ज्या दिवशी कागद समजला नाही त्या दिवशी लाज सोडून विचारा.

ग्वाल्हेरला आलो की शुक्रवार बघून यायचो. टपरीवरून उस्तादांना घ्यायचं आणि दोघांनी जायचं. भैय्यासाहेब मला चहा द्यायला सांगायचे, तब्येत विचारायचे नाहीत. उस्ताद गेल्यावर मी एकटा जायला लागलो, पट्टा बघायचा, बकल बघायचं. भैय्यासाहेब मला ये असं शेवटपर्यंत म्हणाले नाहीत, आणि येऊ नको असं पण म्हणाले नाहीत. त्यांनी मला माफ केलं की नाही ते मला मालूम नाही. आता कोणाला विचारणार.

नर्मदा जाऊन चार वर्षं झाली. मी इथे ग्वाल्हेरलाच, थाटीपुरात मुलाच्या क्वार्टरमध्ये असतो, सगळे बघतात माझं, काही तक्रार नाही. नात नवी गाडी चालवते, चांगली चालवते, मला फिरवून आणते. मी शेजारी बसलो की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. ती हसते, म्हणते, आजोबा, आपकी तरफ़ ब्रेक नहीं है. मला माहीत आहे, मी तिला म्हणतो, पण पाय काही ऐकत नाही. परवा उतारावर तर पोटरीत गोळा आला.

एवढंच आहे ताई माझं. तुम्ही शांतपणे ऐकलंत, देव तुमचं भलं करो. तुम्ही पण गाडीनेच आलात ना. सावकाश जा, आणि घरी पोचलात की मला एक फोन करा. तोवर माझा पाय दाबलेलाच राहील.